आईचं बंद पडलेलं पॅन कसं चालू केलं – माझा अनुभव

१ जुलै २०२३ पासून आधारशी लिंक नसलेलं पॅन निष्क्रिय होणार, ही सूचना आम्ही वाचली होती, पण आईचं राहूनच गेलं. मग बँकेने एफडीच्या व्याजावर १० ऐवजी २० टक्के टीडीएस (व्याज देतानाच कापला जाणारा कर) कापला, टीडीएस कापू नका म्हणून ज्येष्ठांनी बँकेला द्यायचा १५एच फॉर्मही चालला नाही. तिचं सगळं घर त्या व्याजावर चालतं हो, फार जीवाला लागलं.

लिंक करायला गेलो तर नाव जुळेना. पॅनवर माहेरचं, आधारवर सासरचं. आपल्याकडे कित्येक बायकांचं हेच असणार. आधी पॅनवरचं नाव बदलायला अर्ज टाकला, लग्नानंतरच्या नावासाठी मॅरेज सर्टिफिकेट, गॅझेट (सरकारी राजपत्रातली नावबदलाची नोंद) किंवा लग्नपत्रिकाही चालते. सर्टिफिकेट कधी काढलंच नव्हतं, पण आईने ट्रंकेतून पिवळी पडलेली पत्रिका काढली, कोपऱ्यावर हळदीचा डाग अजून तसाच, आणि तीच कामाला आली.

नवीन पॅन कार्ड आल्यावर इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर ई-पे टॅक्समध्ये जाऊन उशिरा लिंक करण्याचे १००० रुपये भरले. तिथे 'अदर रिसिट्स (५००)' हाच प्रकार निवडायचा, हे नीट बघा. चार-पाच दिवस थांबून लिंक आधार केलं, मोबाईलवर ओटीपी आला. त्यानंतर पॅन सुरू व्हायला ३० दिवसांपर्यंत लागतात, तोवर 'व्हेरिफाय पॅन स्टेटस'वर बघत राहायचं.

८० वर्षं पूर्ण झालेल्यांना यातून सूट आहे. आई ६८ची, म्हणून करावं लागलं. आता जास्तीच्या टीडीएससाठी रिटर्न भरतोय.