पहिला ट्रे घालण्याआधी खळखळून हसतानाचा व्हिडिओ काढा

माझे वरचे दात खालच्या दातांना जवळजवळ पूर्ण झाकायचे, आणि हसले की वर हिरडीची रुंद गुलाबी पट्टी दिसायची. अलाइनर, म्हणजे दातांवर बसणारे पारदर्शक प्लास्टिकचे ट्रे, लावले की दोन्ही जाईल, असं मी धरून चालले. दीड वर्षाने शेवटचा ट्रे काढला तेव्हा बाइट, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर बसण्याची पद्धत, खरंच सुधारली होती, खालचे दात पहिल्यांदा आरशात नीट दिसत होते. हिरडी मात्र होती तेवढीच. आता उपचार पुन्हा सुरू करते आहे. तुमचं तसं होऊ नये म्हणून आधी काय काय करायचं ते लिहिते.

किडलेले दात भरून घ्या, दात साफ करून घ्या. हे कुणीही सांगेल. पण हिरड्यांतून रक्त येत असेल तर तिथेच थांबा. डीप बाइटमध्ये, म्हणजे वरचे दात खालच्यांना असे फार झाकत असतील तर, बऱ्याचदा पुढचे दात हाडात आत ढकलावे लागतात, आणि सुजलेल्या हिरडीत दात आत ढकलला तर भोवतीचं हाड झिजण्याचा धोका असतो. आधी हिरड्या बऱ्या होऊ देत, महिना-दोन महिने गेले तरी चालतील. खालचे दात वर टाळूला टोचत असतील तर तेही पहिल्याच भेटीत सांगा.

आता व्हिडिओ. पहिल्या वेळी मी हा काढला नाही. फोटो काढताना मी सवयीने ओठ आवरून हसले, आणि योजना त्याच फोटोंवर ठरली. खरी हसते तेव्हा माझा ओठ किती वर जातो, हे त्या फाइलमध्ये कुठेच नव्हतं. फोन चेहऱ्याच्या पातळीत समोर ठेवा, उजेड समोरून घ्या, आणि घरातल्या कुणाला तरी समोर बसवून तुम्हाला हसवायला सांगा. तीन गोष्टी टिपल्या गेल्या पाहिजेत. पहिली, ओठ सैल सोडून, तोंड किंचित उघडं ठेवून वरचे दात किती दिसतात. ‘मम्म’ म्हणून ओठ सोडून दिले की ते कळतं. दुसरी, बोलतानाचा चेहरा. तिसरी, पोट धरून हसतानाचा. मग तो व्हिडिओ थांबवून बघा. आता काढलेल्या माझ्या व्हिडिओत हिरडी वरच्या सुळ्यांच्या पलीकडे, दाढांपर्यंत दिसत होती. फोटोत ती फक्त पुढच्या चार दातांवर होती.

हा आग्रह एवढ्यासाठी की डॉक्टर स्क्रीनवर दाखवतात त्या योजनेत बहुतेकदा नुसते दात आणि हिरड्या फिरताना दिसतात, ओठ नसतात. आणि डीप बाइट तीन वाटांनी उघडता येते: खालचे पुढचे दात खाली दाबून, मागचे दात हाडातून थोडे बाहेर आणून, किंवा वरचे पुढचे दात वर दाबून. बाइट तिन्हींनी सुधारते. हिरडी मात्र फक्त तिसरीने कमी होते, कारण दात वर सरकतो तशी त्याच्यावरची हिरडीही वर जाते. माझ्या योजनेत पहिल्या दोन वाटा होत्या. मी विचारलंच नाही. तुम्ही विचारा: माझे वरचे पुढचे दात किती मिलिमीटर वर जाणार आहेत? उत्तर आकड्यातच घ्या.

त्याच भेटीत हिरडी कशामुळे दिसते तेही विचारा. दात जास्त उतरलेले असतील तर अलाइनरचा उपयोग आहे. वरचा जबडाच उभ्यात लांब असेल तर मोठा फरक शस्त्रक्रियेनेच पडतो. ओठ आखूड असेल किंवा गरजेपेक्षा जास्त वर जात असेल, तर नुसते दात हलवून तो प्रश्न सुटत नाही. त्यासाठी बोटॉक्सचं इंजेक्शन देतात, पण त्याचा परिणाम काही महिनेच टिकतो. आणि हिरडीनेच दाताचा भाग झाकला असेल, दात बुटके चौकोनी दिसत असतील, तर हिरडीची छोटी शस्त्रक्रिया लागते. बऱ्याच जणांत यातली दोन कारणं एकत्र असतात. एक जपा: ओठ सैल असताना वरचे दात मुळातच कमी दिसत असतील तर ते वर ढकलू नका, चेहरा वयस्क दिसतो. म्हणून तो ‘मम्म’चा भाग व्हिडिओत हवाच.

वरचे दात वर न्यायचे ठरलं तर मिनी स्क्रूचं आधीच विचारून घ्या. दोन दातांच्या मुळांच्या मधल्या हाडात छोटा स्क्रू बसवून तिथून रबर लावतात. जागा बधिर करून बसवतात, त्यामुळे ऐकायला वाटतं तेवढा त्रास नसतो. नुसत्या ट्रेने दात आत जाणं कमी भरवशाचं असतं, स्क्रीनवर दिसतं त्यापेक्षा कमीच घडतं. म्हणून योजनेत मुद्दाम थोडी जास्त हालचाल धरली आहे का, ते विचारा. शिवाय ट्रेचं प्लास्टिक दाढांच्या मध्ये येतं आणि चावताना दाढा आत दबतात. डीप बाइटला हे उलटं पडतं. वरच्या ट्रेमध्ये पुढच्या दातांच्या मागे बाइट रॅम्प, म्हणजे छोटे उंचवटे, दिले की खालचे दात त्यांवर टेकतात आणि दाढा मोकळ्या राहतात. तुमच्या ट्रेमध्ये ते आहेत का बघा. रात्री दात खाण्याची सवय असेल तर तीही लपवू नका.

ही सगळी उत्तरं मिळाल्याशिवाय योजनेला होकार देऊ नका. एकदा ट्रे बनून आले की ‘आता एवढे संपवू, मग बघू’ असंच होतं. माझं तसंच झालं.

रोजचं थोडक्यात. दिवसाला 20 ते 22 तास. डबी कायम जवळ, ट्रे कागदात गुंडाळला की तो कचऱ्यातच जातो. नवा ट्रे रात्री झोपताना घाला, म्हणजे सुरुवातीचा ताण झोपेत निघून जातो. आधीचा ट्रे फेकू नका. च्युई, म्हणजे ट्रे बसवायला चावायची मऊ नळी, चावून पुढची कडा नीट बसवा. दाताच्या टोकाशी फट दिसली तर पुढच्या ट्रेवर जाऊ नका, विचारा. अटॅचमेंट, म्हणजे ट्रेला पकड मिळावी म्हणून दातांवर चिकटवलेले छोटे उंचवटे, किती आणि कुठे आहेत त्याचा फोटो ठेवा, एखादी पडली तर लगेच कळते.

शेवटी रिफाइनमेंटचे, म्हणजे पुन्हा स्कॅन करून राहिलेल्या दुरुस्तीसाठी बनवलेले, ट्रे बहुतेकदा लागतात, ते धरूनच वेळ मोजा. रिटेनर, म्हणजे उपचारानंतर दात जागेवर ठेवणारे ट्रे, रात्रीचे, बरीच वर्षं. डीप बाइट परत येते, वरच्या रिटेनरला मागे सपाट उंचवटा देता येतो.

आणि रिफाइनमेंटच्या स्कॅनच्या आदल्या दिवशी पुन्हा तोच व्हिडिओ काढा. अटॅचमेंट अजून दातावर असतानाच.