समुद्रातल्या विहिरीच्या लॉगवरून खडकातला ताण कसा काढायचा

मुंबई हायसारखा उथळ समुद्र घ्या. पाणी ७५ मीटर, पाण्यापासून रिगच्या रोटरी टेबलापर्यंत (ड्रिल पाइप फिरवणारी चकती) २५ आणि समुद्रतळाखाली २००० मीटर खडक. लॉगवर (विहिरीत उपकरण सोडून खोलीनुसार घेतलेली नोंद) खोली २१०० दिसते, कारण मोजणी रोटरी टेबलापासून होते. सरसकट २१०० मीटर खडकच धरला (सरासरी घनता २.२५ ग्रॅम प्रति घनसेंमी), तर वरच्या वजनाचा उभा ताण ४६.३ मेगापास्कल निघतो. खरा हिशोब असा: पाण्याचे ०.८, खडकाचे ४४.१, एकूण ४४.९. हवा वजनात धरायची नाही.

घनतेचा लॉग कॅलिपर (भोकाचा व्यास बाहूंनी मोजणारा लॉग) शेजारी ठेवूनच वाचा. भोक ढासळलेलं असेल तिथे घनता मोजणारा पॅड भिंतीला टेकत नाही, मडच (खोदताना भोकात भरलेला चिखलद्रव) मोजतो आणि घनता खोटी कमी येते.

आडव्या ताणाची दिशा ब्रेकआउटवरून (ताणामुळे भोकाच्या समोरासमोरच्या दोन बाजू ढासळणं) कळते. साडेआठ इंची बिटच्या भोकात कॅलिपरच्या बाहूंची एक जोडी ८.६ आणि दुसरी १०.५ इंच दाखवत असेल, शिवाय वर येताना फिरणारं टूल तिथे फिरायचं थांबलं असेल, तर तो ब्रेकआउट. लांबट बाजू लहान आडव्या ताणाकडे, मोठा ताण तिच्या काटकोनात. दोन्ही जोड्या ११ असतील तर नुसता वॉशआउट (सगळीकडून झीज), सोडून द्या. प्लॅटफॉर्मवरून काढलेल्या तिरक्या विहिरींत ड्रिल पाइप घासूनही भोक एका बाजूने लांबतं. म्हणून शोधमोहिमेतल्या जुन्या उभ्या विहिरींचे लॉग आधी बघा.

या दिशांची सरासरी काढताना हमखास घोटाळा होतो. ५° आणि १७५° यांची सरासरी ९०° नव्हे, ०° आहे. ही रेषेची दिशा आहे, बाणाची नाही. कोन दुप्पट करा, व्हेक्टर सरासरी घ्या, उत्तर निम्मं करा.

लहान आडव्या ताणाचा आकडा केसिंग शूखालच्या (भोकात बसवलेल्या पोलादी नळीच्या टोकाखालच्या) लीक-ऑफ टेस्टमधून (दाब वाढवून खडकाला भेग पाडायची चाचणी) मिळतो. पंप बंद केल्यावर भेग मिटतानाचा दाब घ्या, शिखराचा नको. ठरलेल्या दाबाला थांबवलेली एफआयटी (खडक तेवढा दाब सोसतो का, एवढंच बघणारी चाचणी) इथे चालत नाही, कारण तिच्यात खडक फुटलेलाच नसतो.

आता पडताळा. छिद्रदाब (खडकाच्या छिद्रांतल्या द्रवाचा दाब) साधा, म्हणजे नुसत्या पाण्याच्या उंचीइतका, २१ मेगापास्कल असेल, तर खडकातल्या भेगांचा घर्षणगुणांक ०.६ धरून सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान ताण, दोन्हींतून छिद्रदाब वजा करून, गुणोत्तर ३.१ च्या वर जाऊ शकत नाही. म्हणजे उभा ताण ४४.९ असताना लहान ताण २८.७ च्या खाली नको. आकडा त्याखाली आला, तर आधी शूच्या सिमेंटमधली गळती तपासा. मग टेस्टची तारीख बघा: मुंबई हायचं उत्पादन १९७६ पासून सुरू आहे, आणि तेल उपसलेल्या थरात छिद्रदाब उतरला की आडवा ताणही उतरतो.