चाकांच्या वर्कबेंचवर बोर्ड बसवताना: नव्या वायरमनसाठी

आयटीआय करून वाळूज किंवा चिकलठाण्याच्या एखाद्या शेडमध्ये लागलात, की चाकांच्या लोखंडी बेंचवर स्विच-सॉकेटचा बोर्ड बसवायचं काम लवकरच अंगावर येतं. भिंतीवरचं पाइपिंग तुम्हाला येतंच. पण भिंत जागची हलत नाही, बेंच रोज हलतो.

खरा घात अर्थिंगमध्ये होतो. फेज किंवा न्यूट्रल तुटला की ग्राइंडर बंद पडतो, लगेच ओरड होते. अर्थ तुटला तर कुणाला पत्ताच लागत नाही. ग्राइंडर फिरतोय, टेस्टर पेटतोय. पुढे कधीतरी मशीनचं इन्सुलेशन जातं आणि अख्खा बेंच फेजवर येतो. म्हणून भिंत ते बेंच कडक पाइप नकोच. फ्लेक्सिबल पाइपात सुट्या वायरी ओढणंही नको, कारण बेंच सरकला की ओढ थेट टर्मिनलवर येते. तिथे तीन कोअरची (आत तीन वेगळ्या वायरी असलेली) गोल फ्लेक्सिबल केबलच घ्या: 6 अँपिअरच्या बोर्डाला 1.5 चौरस मिमी, 16 ला 2.5. बोर्डात ती ग्लँडमधून, म्हणजे केबल आवळून धरणाऱ्या जोडातून न्या. ग्लँडने बाहेरचं आवरण पकडलं पाहिजे, आतल्या कोअर नव्हे. अर्थची कोअर बाकी दोघींपेक्षा दोन-तीन सेंटिमीटर लांब ठेवा, म्हणजे ओढ बसलीच तर ती शेवटी निघेल. थ्री-पिन टॉपमध्येही (सॉकेटमध्ये घालायच्या प्लगमध्ये) अर्थ थोडी लांबच, आणि त्यातली केबल पकडणारी पट्टी आवळायला विसरू नका.

बेंचची फ्रेमही अर्थला जोडायची. रंगावर बोल्ट आवळून काही उपयोग नाही. रंग खरवडून चकचकीत पत्रा काढा, क्रिंप केलेला लग (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची कडी) आणि स्टार वॉशर घालून 6 मिमीचा बोल्ट आवळा. मग टॉप सॉकेटमधून काढून, त्याच्या अर्थ पिनपासून फ्रेमपर्यंत मीटर लावा आणि केबल हलवत आकडा बघा. बारीक तारांपैकी एकच शिल्लक असली तरी मीटर बीप देतो, तेव्हा टॉप उघडून डोळ्यांनीही बघा.

बेंचवरचा पाइप सोपा आहे, घाबरू नका. 20 मिमी पाइपला दर 30 सेंटिमीटरला सॅडल (पाइप धरणारी पट्टी), बॉक्सजवळ एक जास्तीचा. पत्र्यात नुसता स्क्रू थरथरीने सैल होतो. 4 मिमीचा नट-बोल्ट आणि स्प्रिंग वॉशर घाला. बेंचवर 18 मिमी प्लाय असेल तर त्याला 13 मिमीचा स्क्रू पुरतो. सॉकेटचं तोंड वर नको, लोखंडाचा चुरा आत पडतो.

उस्ताद म्हणतील, "टेप मार, चालतंय." त्यांच्या हाताचा वेग जरूर शिका, हे मात्र उचलू नका. आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याखाली टेपचा गोंद सुटतोच.

मालकाकडे 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच मागा, हट्टाने मागा. अर्थ शाबूत असेल तर गळती होताच ती पडते. अर्थ तुटलेला असेल तर माणसाच्या अंगातून करंट गेल्यावर. केबल चाकाखाली येणार नाही अशी वर हुकाला टांगा, आणि दर महिन्याला टॉप उघडून बघा.