वेगाचं ई-चलन चुकीचं असेल तर ते कसं लढवायचं

चलन चुकीचं वाटत असेल तर दंड भरू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० खाली दंड भरणं म्हणजे तडजोड. पैसे गेले की प्रकरण तिथेच मिटतं. "आधी भरू, मग तक्रार करू" यात बहुतेकांचं नुकसान होतं.

महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक ॲपवर चलन उघडा आणि फोटो पूर्ण आकारात उतरवून घ्या. नंबर प्लेट एकेक अक्षर करून वाचा. ८ आणि बी, ० आणि डी, एमएच १२ आणि एमएच १४ अशा गल्लती नेहमीच्या आहेत. गाडीचा रंग, मॉडेल आणि प्रकार आरसीशी जुळतात का तेही बघा. एकाच रस्त्यावर कार आणि मालवाहू गाडीची वेगमर्यादा वेगळी असते, त्यामुळे प्रकार चुकीचा टाकला की सगळं चलनच डळमळतं.

फोटोत दोन गाड्या शेजारी असतील तर तिथे थांबून नीट बघा. वेग मोजणाऱ्या लेझर गनचा झोत साधारण ३ मिलिरेडियन पसरतो, म्हणजे ३०० मीटरवर तो जवळपास ९० सेंटिमीटर रुंद होतो. नेम तुमच्या गाडीवर आणि परावर्तन शेजारच्या गाडीचं, असं गर्दीत घडू शकतं. फोटोवरची निशाणाची खूण आणि अंतराचा आकडा म्हणून महत्त्वाचा. गन हातात धरलेली असेल आणि मोजताना झोत बॉनेटवरून काचेकडे सरकला, तरी आकडा बिघडतो. मात्र "पोलीस तिरके उभे होते" हा मुद्दा घेऊ नका: तिरक्या कोनातून वेग कमीच दिसतो, जास्त नाही.

कायद्यातला सर्वात भक्कम आधार कलम १८३(३) आहे. एकट्या साक्षीदाराच्या अंदाजावर वेगाच्या गुन्ह्यात दोषी ठरवता येत नाही. तो अंदाज यंत्राने मोजलेला असावा लागतो. साध्या मोबाइलच्या फोटोवरून वेग सिद्ध होत नाही. शिवाय केंद्रीय मोटार वाहन नियम १६७-अ नुसार यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र लागतं, ते दरवर्षी नूतनीकरण करायचं असतं. नोंदीत नंबर प्लेट, मोजलेला वेग, तारीख, वेळ आणि ठिकाण हवं. २०२१ साली आलेल्या या नियमात नोटीस १५ दिवसांत पाठवण्याची अट घातली होती. एसएमएस कधी आला याचा स्क्रीनशॉट जपा.

नेहमीपेक्षा कमी मर्यादा महिन्याहून जास्त काळासाठी लावली असेल तर कलम ११२ प्रमाणे राजपत्रातली अधिसूचना आणि रस्त्यावरचा फलक, दोन्ही लागतात. फलक झाडाआड किंवा पडलेला असेल तर लगेच जाऊन फोटो काढा, कारण तो केव्हाही दुरुस्त होतो.

प्रमाणपत्र मिळवायला माहितीचा अधिकार वापरा. अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, विषय एकच ठेवा आणि मजकूर १५० शब्दांच्या आत बसवा. यंत्राचा अनुक्रमांक, त्या तारखेला वैध असलेलं मान्यता आणि कॅलिब्रेशन (यंत्र अचूक मोजतं का याची तपासणी) प्रमाणपत्र, आणि ते यंत्र चालवणाऱ्याचं प्रशिक्षण, एवढंच मागा. उत्तराची मुदत ३० दिवस असल्याने हा अर्ज पहिल्याच आठवड्यात टाका.

सोबतच ॲपवर तक्रार नोंदवा: चलन क्रमांक, आरसी, गाडीचे पुढून-मागून फोटो आणि एका वाक्यात नेमकी चूक. नंबर प्लेटच्या चुका बऱ्याचदा इथेच सुटतात. गाडी त्या वेळी दुसरीकडेच होती असं म्हणायचं असेल तर फास्टॅगची नोंद किंवा पार्किंगची पावती जोडा.

तक्रार फेटाळली आणि प्रकरण व्हर्च्युअल कोर्टात (चलनांचं ऑनलाइन न्यायालय) गेलं, तर तिथे दंड भरण्याऐवजी लढवण्याचा पर्याय निवडा. मग ते नेहमीच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जातं. सीएनआर क्रमांक (खटल्याचा ओळख क्रमांक) लिहून ठेवा आणि न्यायालयांच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावर तारीख बघत राहा. गैरहजर राहिलात तर समन्स, पुढे वॉरंटही निघू शकतं. सुनावणीत "सगळेच जोरात जात होते" म्हणू नका, त्यात वेगाची कबुली आहे. यंत्राचं प्रमाणपत्र आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र दाखवा, एवढीच मागणी लेखी द्या आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.