खालच्या वजनगटातलं पदक महागात पडतं

वेटलिफ्टिंगमध्ये देशासाठी खेळायचं ठरवलेल्या मुलामुलींसाठी हे लिहितोय. स्नॅच (बार एका दमात डोक्यावर), क्लीन अँड जर्क (आधी खांद्यावर, मग डोक्यावर) तुमचे सर शिकवतीलच. मला बोलायचंय ते वजनगटाबद्दल, म्हणजे अंगाच्या वजनावरून ठरणाऱ्या गटाबद्दल, कारण माझी उमेदीची वर्षं त्यातच गेली.

मी ज्युनिअरला असताना अंग भरत होतं, पण खालच्या गटात चुरस कमी म्हणून मला तिथेच ठेवलं. जिल्ह्याची, राज्याची पदकं आली, घरचे खूश. त्यासाठी स्पर्धेच्या आधी भाकरी बंद, मग पाणी बंद, जॅकेट घालून पळायचं, तोंडात लिंबू धरून थुंकत राहायचं. आपल्या खेळाचा नियम नीट समजून घ्या. वजन घेणं स्पर्धेच्या दोन तास आधी सुरू होतं आणि तासाभरात संपतं. आदल्या दिवशी वजन देणाऱ्या खेळात सावरायला रात्र मिळते, इथे काट्यावरून उतरलं की जेमतेम तास-दोन तास. केळी खाल्ली, पाणी प्यायलं, तरी ते पोटात डुचमळत राहतं, पायांत पेटके येतात. आणि पहिली येते स्नॅच, जिथे सगळा खेळ वेगाचा आणि टायमिंगचा. तिथेच बार पुढे पडतो.

पण खरं नुकसान त्या दिवशीचं नाही, सरावाच्या महिन्यांचं आहे. अर्धपोटी माणसाचे स्क्वॉट (बार खांद्यावर घेऊन उठाबशा) वाढत नाहीत. माझी टोटल, म्हणजे दोन्ही प्रकारांतल्या सर्वोत्तम उचलींची बेरीज, वर्षानुवर्षं तिथल्या तिथे राहिली. राज्यात तेवढ्यावर पदक मिळायचं, राष्ट्रीय स्पर्धेत कुणी विचारलं नाही.

वरच्या पातळीवरही हा प्रश्न सुटत नाही. सांगलीच्या संकेत सरगरने 2022 साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 55 किलो गटात 248 किलोवर रौप्य घेतलं, शेवटी कोपर दुखावलं आणि सुवर्ण एका किलोने हुकलं. त्याच वर्षी वडगाव मावळच्या हर्षदा गरुडने 45 किलोत 153 किलो उचलून ज्युनिअर जागतिक सुवर्ण आणलं. भारताचं ते पहिलंच. दोघांबद्दल मला अपार आदर आहे. पण 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये हे दोन्ही गट नव्हतेच. पुरुषांचा सर्वांत खालचा गट 61, महिलांचा 49. जून 2025 पासून गट पुन्हा बदलले. तेव्हा एका आकड्याला आयुष्य बांधून घेऊ नका.

जे सर फक्त पदकांची यादी दाखवतात आणि तुमची उंची कधी विचारत नाहीत, त्यांच्यापासून लांब राहा. कडक बोलणारे, पण तुमच्या प्रत्येक सेटची वही ठेवणारे सर मिळाले तर त्यांना सोडू नका. डब्यातल्या पावडरींच्या बाबतीत मी अजिबात ऐकून घेत नाही. उत्तेजक चाचणीच्या नमुन्यात काही सापडलं तर जबाबदारी तुमची, डबा कुणीही दिलेला असो. अंडी, दूध, डाळ, झोप यांवर पुष्कळ पुढे जाता येतं.

एखादी स्पर्धा फसली म्हणून खचू नका. 2016 ला रिओ ऑलिंपिकमध्ये मीराबाई चानूचे क्लीन अँड जर्कचे तिन्ही प्रयत्न फसले, टोटलच लागली नाही. टोकियोत तिनेच 202 किलोवर रौप्य मिळवलं. रेल्वे, लष्कर, पोलीस यांच्या खेळाडू भरतीसाठी पदक लागतं, हे खरं आहे. घरची ओढाताण असली की खालच्या गटाचा मोह किती होतो, ते मला ठाऊक आहे. तरीही सोळाव्या-सतराव्या वर्षी वजन दोन किलो वाढलं आणि त्याबरोबर टोटलही वाढत असेल, तर जेवण तोडू नका. वही घेऊन सरांकडे जा, गेल्या सहा महिन्यांचे आकडे दाखवा आणि पुढच्या स्पर्धेचा अर्ज वरच्या गटात भरायचा आहे, असं स्पष्ट सांगा.