रानातली अझेलिया कशी हुडकायची

अमेरिकेत जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलायनाकडे वसंतात रानातली अस्सल अझेलिया (एक फुलझुडूप) बघायला जावं, तर अंगणात लावलेल्या जपानी जातींमुळे गोंधळ होतो. नाहीतर बहर तरी हुकतो. मला उपयोगी पडलेली युक्ती अशी:

१. मार्चअखेर ते एप्रिलमध्ये, झाडांना पालवी फुटायच्या आत, ओढ्याकाठच्या पायवाटेने जा. उघड्या, करड्या रानात फिकट गुलाबी ढग लांबूनच दिसतो. रेडबड नावाचं झाडही तेव्हाच गुलाबी असतं, पण त्याची इवली फुलं थेट फांदीला चिकटलेली असतात.

२. जवळ जाऊन फूल बघा. बारीक लांब नळी आणि तिच्यातून मांजराच्या मिशांसारखे बाहेर आलेले पाच लांब पुंकेसर. झुडूप विरळ असतं, पानं नसतात किंवा नुकती फुटत असतात. दाट हिरवं, कातरल्यासारखं गोल झुडूप म्हणजे बहुधा बागेतलं. गोड वास आधी नाकाला लागला तर वारा जिकडून येतो तिकडे चालत जा, हे मला सगळ्यात आवडतं.

३. खाली बहर ओसरला? डोंगर चढा. ब्लू रिज पार्कवे या डोंगरातल्या रस्त्यावर केशरी फ्लेम अझेलिया मे-जूनमध्ये फुलते, आणि ग्रेगरी बाल्ड या डोंगराच्या माथ्यावर तर जूनच्या मध्यानंतर.

तिकडे हिला 'वाइल्ड हनीसकल' असंही म्हणतात; खऱ्या हनीसकलच्या फुलातला मध मुलं चोखतात. त्या नावाला भुलून मुलांना फुलातला मध चोखू देऊ नका. पानं, फुलं, मध, सगळंच विषारी असतं.