कार्डाचा बेस कोणता, ते कसं ओळखावं

निफाडहून एक दादा पंपाच्या स्टार्टरचं कार्ड (सर्किट बोर्ड) घेऊन आले. पावसाळा लागला की बंद पडायचं. मी रिले बदलला, कपॅसिटर बदलले. आठवड्यात कार्ड परत. दोष पार्टमध्ये नव्हताच, पार्ट आणि तांब्याचे ट्रॅक ज्यावर बसतात त्या खालच्या पट्टीत, म्हणजे बेसमध्ये होता. कागदी फिनोलिकने (रेझिनमध्ये भिजवलेल्या कागदाच्या बेसने) ओल धरली होती आणि दोन ट्रॅकच्या मधून करंट गळत होता. तेव्हापासून मी आधी बेस बघतो.

सरावाला नाशिकच्या सातपूर-अंबडच्या भंगारातली जुनी कार्डं घ्या. चालू यंत्रातलं काढणार असाल तर सप्लाय तोडा आणि मोठा कपॅसिटर डिस्चार्ज झाल्याची मीटरने खात्री करा.

वरच्या हिरव्या रंगावर जाऊ नका, तो नुसता सोल्डर मास्क, म्हणजे वरचा संरक्षक थर असतो. कड बघा. तपकिरी असेल आणि कोपरा बिस्किटासारखा तुटत असेल, तर ते कागद आणि फिनोलिक रेझिन. यावर सोल्डरिंग गन दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका, पॅड (पार्टचा पाय जिथे सोल्डर होतो तो तांब्याचा ठिपका) उखडतो.

मग कार्ड उन्हासमोर धरा. तांबं नसलेल्या जागी कापडासारखी उभी-आडवी वीण दिसली की ते ग्लास इपॉक्सी, म्हणजे एफआर-४. काचेचं कापड आणि इपॉक्सी; जाडी बहुधा १.६ मिमी. तुटलेल्या कडेला पांढरे तंतू दिसतात, ते बोटात शिरतात. ड्रिल मारताना नाका-तोंडाला मास्क लावाच, ती काचेची धूळ आहे. कड दुधी आणि मधला थर कागदी असेल तर सीईएम-१, म्हणजे कागद आणि काचेच्या कापडाचा मिश्र बेस.

जळालेला एलईडी बल्ब उघडा. दिवे बसवलेली चकती मागून धातूची दिसेल, ती ॲल्युमिनियमची. एफआर-४ची उष्णतावाहकता साधारण ०.३ वॅट प्रति मीटर-केल्विन. या चकतीतल्या पातळ इन्सुलेशन थराची बहुधा १ ते ३. उष्णता त्यातून धातूत निघून जाते, म्हणूनच इथे गनचं टोक लगेच थंड पडतं. चकती खालून हॉट प्लेटवर तापवा, मग एलईडी सुटतो.

मोबाइलमधली वाकणारी पिवळसर पट्टी पॉलिइमाइड या प्लास्टिकची. चिपच्या पोटातही बेस असतो, तो सिलिकॉनचा. चिप जिच्यातून कापतात ती ३०० मिमी व्यासाची सिलिकॉन चकती, म्हणजे वेफर, पाऊण मिलिमीटरच्या आसपास जाड असते.

दादांचं कार्ड मी ग्लास इपॉक्सीवर नव्याने बनवलं. सोल्डरिंगनंतर उरलेला फ्लक्स आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) धुतला, पूर्ण वाळवलं आणि कनेक्टर-रिले झाकून तांब्याच्या बाजूला ओल अडवणाऱ्या कोटिंगचे दोन हात मारले.